डाव्या अंगावर कललेली होडी

"काका, तुम्ही बांधलेली होडी झिंगल्यासारखी का चालते?"

प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि शेडमधला रंधा थांबला. मागे दाराआड चष्मिस आणि उंटीण या मैत्रिणी एकमेकींचं तोंड दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. "तू नुसती बडबडतेस, सुतारकाकांना तोंडावर विचारून दाखव," असं त्या म्हणाल्या होत्या. घरीदारी, वर्गात, सगळीकडे जिला 'वटवट' म्हणतात, ती असलं ऐकून गप्प बसणार थोडीच.

सुतारकाकांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे रोखून बघितलं आणि पेन्सिल परत कानावर ठेवली. वटवटच्या बाबांशी त्यांचं दोन महिने बोलणं बंद होतं. काकांनी बाबांना बांधून दिलेली होडी डावीकडे कलायची आणि बाबा धक्क्यावर भेटेल त्याला सांगायचे, सुताराचा हातच वाकडा.

"बापाने पाठवलं?"

"नाही. पैज लागली म्हणून आले. पण आता आलेच आहे तर उत्तर हवंय. उद्या सकाळी दुसरा कारागीर येणार आहे, होडीची डावी बाजू कापायला."

हे ऐकून काकांनी रंधा खाली ठेवला. "कापणार? एकदा चुकीच्या जागी कापली ना, की ती होडी परत सरळ व्हायची नाही. जन्माची गेली."

"मग सांगा ना, का कलते?"

"मी सांगितलं तर तुझा बाप म्हणेल, स्वतःची लाज झाकतोय. तूच शोध. एवढं ध्यानात ठेव, वाकडी बांधलेली होडी पहिल्या दिवशी जेवढी कलते, तेवढीच शेवटपर्यंत कलते. जा, रिकामी कर आणि मोज."

धक्क्यावर आई-बाबा जाळं दुरुस्त करत बसले होते. शनिवारची दुपार, शाळा लवकर सुटलेली. वटवटने दप्तर फेकलं आणि सरळ होडीत उडी मारली. होडी डावीकडे आणखी वाकली.

"काय चाललंय?" बाबा ओरडले.

"होडी रिकामी करतेय. मोजायचीय."

"गणिताचा पेपर मोज आधी. त्यात किती पडले, माहितीये मला."

"ते मोजायला फार वेळ लागत नाही, बाबा. हिला लागेल."

आई हसू दाबत जाळ्यात तोंड खुपसून बसली. मैत्रिणी धक्क्यावर उभ्या राहिल्या आणि वटवट एकेक वस्तू वर देऊ लागली. जाळी, दोर, नांगर, बर्फाची पेटी. शेवटी उजव्या कडेला वाळूची तीन पोती निघाली.

"ही कशाला?"

"तोल साधायला," बाबा म्हणाले. "डावीकडे कलते म्हणून उजवीकडे वजन."

"तिन्ही एकदमच ठेवलीत?"

"नाही. आधी एकच पुरायचं. मग दुसरं ठेवलं. तिसरं आता गेल्या आठवड्यात."

बोलून झालं आणि बाबा स्वतःच जरा थबकले. वटवट मात्र थबकणाऱ्यांतली नव्हती. "म्हणजे कलणं वाढत गेलं. होडी बांधून झाल्यावर सुतारकाकांचा हात घरबसल्या आणखी वाकडा होत गेला का?"

"जास्त शहाणपणा नको. उद्या कारागीर येतोय, तो बघेल."

"तो बघणार नाही, कापणार. मी आज बघते."

पोती निघाल्यावर होडी इतकी कलली की उंटिणीने डोळेच मिटले. वटवटने शाळेची लाकडी पट्टी काढली. दोनदा लावून मोजलं, तर उजवा काठ पाण्यापासून पन्नास सेंटिमीटर वर, डावा जेमतेम पस्तीस. होडीत आता तिच्याशिवाय काही नव्हतं आणि ती तर बरोबर मध्ये उभी होती. मग हे वजन कुठून आलं?

होडीला दोन्ही कडांनी लांब बाकं होती. आतून पोकळ, सगळीकडून बंद. होडीत लाट शिरली तरी त्या पोकळीतल्या हवेमुळे ती बुडू नये म्हणून. वटवटने उजव्या बाकावर मूठ मारली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. डाव्या बाकावर मारली, तर भिजल्या गादीवर थापटी मारल्यासारखं झालं. तिने परत मारली. परत तेच.

मग ती गुडघ्यांवर बसून डावं बाक इंच-इंच चाचपायला लागली. मागच्या टोकाला बाबांच्या रेडिओची फळी होती. चार स्क्रूंनी बाकावरच बसवलेली.

"ही कुणी लावली?"

"कोण लावणार," आई जाळ्यातून डोकं न उचलता म्हणाली. "माझ्या डब्यांना फळी लावायला घरात वर्ष गेलं. रेडिओला एका दुपारीत लागली."

"पक्के स्क्रू आहेत ते," बाबा म्हणाले. "हलवून बघ."

"फळी हलत नाही, मान्य. पण रोज ओलं जाळं याच बाकावर टाकता ना तुम्ही?"

वटवटने एक स्क्रू काढला आणि बाजूला पडलेली बारीक, कोरडी काडी भोकातून आत सोडली. बाहेर काढली तेव्हा काडी वीतभर ओली होती.

"आत जरा दमट असतंच," बाबा म्हणाले.

"दमट? बाबा, यात मासे पाळता येतील."

थेंब थेंब आत गेलेलं पाणी. यायला चार वाटा, जायला एकही नाही. आणि बंद बाक कुणी उघडून बघत नाही, कारण ते बंद असतं.

चष्मिस हातड्रिल आणायला शेडकडे पळाली. ड्रिल आलं, पण सुतारकाकांच्या हातातून आलं. दोघे पुरुष एकमेकांकडे बघत उभे राहिले, लग्नात एका पंगतीत बसवलेले रुसलेले व्याही असावेत तसे.

"आण इकडे," बाबांनी ड्रिलसाठी हात पुढे केला.

ड्रिल वटवटने घेतलं. "वरची भोकं तुम्ही पाडलीत. खालचं मी पाडणार."

"होडीचं काम आहे, तुला नाही जमायचं."

"तुम्हालाही कुठे जमलं?"

सुतारकाका खोकले, फार वेळ खोकले. मग त्यांनी बाकाच्या उभ्या फळीवर तळाशी अंगठा टेकवला, "इथे. सरळ धर, घाई नको." वटवटने दात-ओठ खाऊन दांडा फिरवला. हात भरून आले, भुसा निघाला आणि फळी आरपार झाली. काळ्या, कुबट पाण्याची धार सुटली आणि नेमकी होडीत उतरू पाहणाऱ्या बाबांच्या पॅन्टवर गेली.

बादल्यांवर बादल्या उपसल्या. होडी हळूहळू कूस बदलत उठली. पट्टी पुन्हा लागली. उजवीकडे पंचेचाळीस, डावीकडे त्रेचाळीस.

"उरलेलं लाकूड प्यायलंय," सुतारकाका म्हणाले. "वाळलं की तेही येईल. भोकं बुजवून देतो."

बाबा ओल्या पॅन्टनिशी उभे होते. "चहा घेणार?" त्यांनी सुतारकाकांना विचारलं.

"चहा नंतर," वटवट मध्येच म्हणाली. "दोन महिने धक्काभर ओरडून सांगितलंत ना, यांचा हात वाकडा? मग आता तेवढ्याच मोठ्याने सांगा."

"वटवट," आईने दटावलं, पण आवाजात जोर नव्हता.

बाबांनी मान खाली घातली. मग शेजारच्या होडीवर दोर गुंडाळणाऱ्याला मोठ्याने हाक मारली, "अरे ए, होडीचं सापडलं बरं का! चूक माझीच होती. सुताराची नव्हे!" तिकडून कुणीतरी शिट्टी वाजवली. बाबांचे कान लाल झाले. त्यांनी फोन काढून त्या दुसऱ्या कारागिरालाही येऊ नको म्हणून सांगितलं.

घरी परतताना वटवट पुढे, आई-बाबा मागे. तिच्या तळहाताला फोड आला होता आणि तो ती सारखा बघत होती. दाराशी पोचल्यावर ती वळली.

"सुट्टी लागली की रोज सकाळी सात ते बारा मी सुतारकाकांच्या शेडमध्ये असणार. होडी बांधायला शिकणार आहे."

"अगं, आधी त्यांना विचार तरी," बाबा म्हणाले.

"त्यांना विचारून झालं. ते हो म्हणाले. फक्त तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."