कडू लागलं का?

मी मुळी बोलतेय. हो, साप चावल्यावर चघळायला देतात तीच. डोंगरउतारावरून मला खणून आणलं, सावलीत वाळवलं आणि वैद्यबाबांच्या खोलीतल्या फळीवर काचेच्या बरणीत ठेवलं. इतकी कडू मुळी पंचक्रोशीत मिळायची नाही, असं बाबा सांगत आणि मी फुगून बसे.

त्यांची परीक्षा साधी होती. तुकडा चघळायला द्यायचा नि विचारायचं, "कडू लागलं का?" कडू लागलं तर विष चढलेलं नाही. चवच कळली नाही, तर माणूस हाताचा गेला. बहुतेक जण बरे होऊन जात. त्यांना चावलेले साप बिनविषारी असत, हे ना बाबांना ठाऊक होतं ना मला. श्रेय मात्र आम्ही दोघांनी वाटून घेतलं.

मग एका सकाळी कोठीतली पोती हलवताना त्यांच्या सुनेलाच साप चावला. घोट्यावर दोन टिपके. तिची पाच वर्षांची लेक तिच्या कमरेला मिठी मारून रडत होती. बाबांनी घाईघाईत बरणी उघडून माझा एक तुकडा सुनेच्या तोंडात दिला.

"कडू लागलं का गं?"

"हो बाबा, कडूच आहे."

बाबांचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र उडाला. कडू लागूनही तोंड वाकडं न करणारं माणूस मी पाहिलं नव्हतं आणि हिची भुवईसुद्धा हलली नाही. खोटं बोलत होती! माझा एक तुकडा तिच्या दाताखाली, बाकीची मी बरणीत. दोन्हीकडून नुसती बघत राहिले.

बाबा आणखी एक तुकडा उगाळायला बसले. पाव तास गेला.

"अहो, हिच्या पापण्या मिटताहेत," सासूबाई म्हणाल्या. "बोलणंही जड झालंय."

"कडू लागलंय ना तिला? धीर धर."

"चुलीत गेलं तुमचं कडू! गाडी बोलवा आधी!"

सून वाचली. दवाखान्यात इंजेक्शनं दिली, दोन दिवस नळीतून श्वास दिला. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"चवच लागत नव्हती, बाबा. पण लेक समोर होती. चव नाही लागली तर काय होतं, ते तिलाही माहीत आहे ना."

बाबा तोंड झाकून रडले. मला फार लाज वाटली.

अजून मी फळीवरच आहे. काल एक बाई साप चावलेल्या नवऱ्याला घेऊन आली. निदान एक तुकडा तरी द्या, म्हणून हटून बसली. बाबांनी बरणीकडे पाहिलंसुद्धा नाही. दोघांना गाडीत बसवलं आणि स्वतः पुढे बसले.

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. तिला काही विचारत बसू नका. निघा.