चौथी कूसा

“भोसकू नकोस गं, फिरव! साल फाटलं तर भात काय तुझ्या ओंजळीत भरू?”

रुदैनाची आई, म्हणून सगळ्यांचीच ‘उम्म रुदैना’, शुरूकच्या हातावर हात ठेवून कोरणी फिरवत होती. ओट्यावर कोवळ्या कूसांचा, भोपळ्याच्या जातीच्या लांबट हिरव्या फळांचा, ढीग होता. देठाकडच्या एवढ्याशा भोकातून गर काढायचा, मग आत तांदूळ-खिमा भरायचा. जॉर्डनमधल्या इर्बिदच्या इस्पितळात ती बावीस वर्षं नर्स होती. बेंबीजवळच्या बोटभर छेदातून डॉक्टर गर्भाशयाच्या गाठी काढत, तेव्हा आतलं पडद्यावर दाखवणारी दुर्बीण तिच्या हातात असे. आता ते काम ती नव्या नर्सला, शुरूकला, शिकवत होती. सुरुवात कूसांपासून.

“खालती, चौथी फाटली!” शुरूक तिला ‘खालती’, म्हणजे मावशी, म्हणे.

“फाटू दे. पाचवी घे. हात घाबरला की पडदा हलतो.”

दारात पुस्तक घेऊन रुदैना उभी होती. अकरा वर्षांची असताना तिच्या हातून तीन कूसा फाटल्या होत्या. आईने कोरणी काढून घेतली होती. “तू जा, वाच.” त्याला तीस वर्षं झाली.

“हिला बरी पाचवी मिळते,” ती पुटपुटली.

“काय म्हणालीस, यम्मा?” आईने लाडाने लेकीलाच ‘आई’ म्हटलं.

“काही नाही. मीठ बेतानं घाल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, शस्त्रक्रियेआधी हात धुताना, उम्म रुदैना नळापाशीच कोसळली. हृदय थांबलं होतं.

समाचाराला येणाऱ्यांची रीघ तिसऱ्या दिवशी ओसरली. रुदैना कडू कॉफीचे पेले विसळत होती. शुरूक आत आली.

“काल दुर्बीण मी धरली. अंडाशयावरची गाठ होती. पडदा हलला नाही.”

“छान. शोभतेस तिची लेक.”

“लेक कसली! खालतीचं नाव नजाह, हे मला दफनाच्या दिवशी कळलं. इस्पितळात दिवसभर तुमचंच नाव. उम्म रुदैना, कात्री. उम्म रुदैना, जरा डावीकडे. इतका हेवा वाटायचा मला तुमचा!”

रुदैनाने पेला पालथा घातला. खणातून कोरणी काढली. टोपलीत उरलेली, मऊ पडलेली एक कूसा उचलली. शुरूकने हात पुढे केला, तर तिने मानेनेच नको म्हटलं.

पहिल्याच फेऱ्यात साल फाटलं.

“यम्मा,” खिळ्यावरच्या आईच्या एप्रनकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, “तेव्हा मला चौथी द्यायची होतीस.”