चाळणीमागचा आवाज

मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. दिव्याचं बटण नव्हे हो! मालवणच्या किनाऱ्यावर मच्छीमारांची एक सोसायटी आहे. तिथल्या कपाटात मी असतो आणि सगळ्या यंत्रांच्या वायरी माझ्यात येऊन मिळतात. मित्रांनो, दूरच्या कारखान्यात मी घडलो. इथे आलो तेव्हा माझ्यापुढे नारळ फोडला गेला. "ह्येच्यामुळे घरात बसान शीतखोलीतली थंडी कळता," असं माझं कौतुक होई.

मी जे पाहतो त्याची नोंद करतो. वायर सुटली, जुळली, वीज गेली, सगळं. ती नोंद जितेंद्रच्या फोनवर जाते. माझी देखभाल त्याच्याकडे.

खारा वारा मात्र कुणाला सोडत नाही. मासळी साठवायच्या शीतखोलीकडून येणाऱ्या वायरीची पिन गंजली. ती सारखी सुटे, जुळे, आणि मी इमानाने कळवत राही. एकदा देवळात दशावतार रंगला असताना जितेंद्रचा फोन वाजतच राहिला. शेजारी बसलेला बाबली म्हणाला, "राक्षस मेलो रे, पण तुझो फोन काय मरणा नाय!" मंडप हसला. जितेंद्र खजील झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पिन बदलली नाही. माझ्या नोंदींना फिल्टर लावला. फिल्टर म्हणजे चाळण. फक्त माझ्याच जिवावर बेतलं तर निरोप जाईल, बाकी सगळं आतच अडेल. मौन माणूस स्वतःहून धरतो तेव्हा त्यात पुण्य असतं. माझं तर तोंड बांधलं होतं. नोंदी येत, चाळणीला आपटत आणि विरून जात.

नवरात्र आलं. उपासतापासाच्या दिवसांत मासळी कोण घेणार? म्हणून पार्वतीने आपली सगळी सुरमई शीतखोलीत ठेवली. ती मासे विकून घर चालवते. दसरा झाला की गिऱ्हाइकांची झुंबड उडते, त्यावरच तिची सारी भिस्त होती.

खंडेनवमीच्या सकाळी शीतखोलीची वीज अचानक तुटली. थंडी मोजणारं यंत्र बंद पडलं, त्याच्या वायरीवरचा माझा दिवा विझला. मी नोंद केली. चाळणीने ती अडवली. पुन्हा केली. पुन्हा तेच. बाहेर अवजारांची पूजा चालली होती, घंटा वाजत होती, आणि आत मासळीचा गारवा उतरत होता. मित्रांनो, ठाऊक असून सांगता न येणं फार वाईट.

तेवढ्यात सोसायटीत झाडलोट करणाऱ्या शेवंतीने कपाट उघडलं. "ह्यो पण रात-दिस राबता, ह्येका नको हार?" असं म्हणत तिने मला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा भरघोस हार घातला. माझ्या श्वासाच्या जाळ्या बुजल्या. तिने कपाट लावलं. मी तापू लागलो. तापता तापता अशी वेळ आली की चाळणीलाही निरोप सोडावा लागला.

जितेंद्र कुरकुरत आला. "सणाच्या दिवशी ह्येका ताप इलो!" त्याने हार अलगद काढला. मग विझलेला दिवा त्याला दिसला आणि तो शीतखोलीकडे धावला. पूजेला आलेली पार्वतीही मागून धावली. "उघड रे, बेगीन उघड! माझी सुरमई आत आसा!"

कडेचा बर्फ पाझरत होता, पण मासळी अजून कडक होती. वीज जोडली गेली. पार्वती जितेंद्रकडे वळली. "जितू, तुका कसा कळला नाय रे?"

"ह्येचा तोंड मियाच बांधलंय गो," तो हळूच म्हणाला.

त्याने गंजलेली पिन बदलली आणि त्या एका वायरीपुरती चाळण काढली. बाकीच्यांची तशीच राहिली. "दसऱ्यानंतर बघूया," म्हणाला.

मित्रांनो, सतत कुरकुरणाऱ्याला गप्प करण्याआधी त्याचं दुखतंय कुठे, ते एकदा पाहा. दसरा होऊन गेला. आत्ता हे सांगत असतानाच धक्क्यावरच्या कॅमेऱ्याची वायर सुटली आहे. मी नोंद केली आहे. तुमच्यापैकी कुणी जितेंद्रला सांगाल का?