मीठबंगल्यातलं देवघर

नेरूळच्या आमच्या सोसायटीत खिडकीला बॉक्स ग्रिल लावायचं असलं, तर सेक्रेटरींची परवानगी लागायची आणि ती एका कप चहात मिळायची. त्यामुळे बाबांची अशी समजूत झाली की परवानगी म्हणजे चहा. याच समजुतीवर त्यांनी फ्लॅट विकला आणि बेलापूर गावाच्या टोकाला, खाडीकडे तोंड करून बसलेला मीठबंगला घेतला.

इंग्रजांच्या काळी तिथे मीठ खात्याचा साहेब राहायचा. आता बंगला जतन-यादीत होता. म्हणजे काय, तर विकत घ्यायचा तर आधी वारसा समितीची परवानगी, आणि घेतल्यावर खिळा ठोकायचा तरी समितीची परवानगी. भिंत पडली तर मात्र परवानगीशिवाय पडू शकते. बाबा रबाळ्याच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहेत, नियम म्हटलं की त्यांना भरून येतं. समितीची नियमावली ते जेवताना मोठ्याने वाचायचे. मी दहावीत होते आणि मला वाटायचं की अख्ख्या घरात अक्कल एकट्या माझ्याकडे आहे. पुढे जे झालं, त्यातून हे मत बदलायचं काही कारण मिळालं नाही.

आईचा गुडघा गेलेला होता. ऑपरेशन ठरत होतं, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की घरात कमोड नसेल तर तारीख देणार नाही, उकिडवं बसलात तर सगळं फुकट. आणि मीठबंगल्याचा संडास होता परसात, विहिरीपलीकडे, उकिडवं बसायचाच. तिथे जाताना आई एकदा शेवाळावरून घसरली. तेव्हापासून ती दुपारनंतर पाणीच प्यायची नाही. कोणाला सांगितलं नाही तिने. पण तिचा तांब्या भरलेला राहायचा, तो मला दिसायचा.

बाबांनी न्हाणीघरासाठी अर्ज केला. व्हरांड्याचा कोपरा मागितला, तर समिती म्हणाली की व्हरांड्याची रेषा बिघडेल. कोठीची खोली मागितली, तर तिथली तुळई ऐतिहासिक निघाली. उरली फक्त झोपायच्या खोलीला लागून असलेली लहान खोली. ती आम्हीच हातची घालवली होती. तिथे आमचे देव होते.

त्याचं असं झालं. घर ताब्यात आलं त्या दिवशी आई सगळीकडे फिरली. या लहान खोलीत एक दगडी चौथरा होता. त्याच्यामागे पूर्वेच्या भिंतीत, जमिनीलगत, कमरेएवढं दार. जमिनीला त्या दाराकडे उतार. सकाळचं ऊन बरोबर दाराच्या फटीतून चौथऱ्यावर. आई तिथेच हात जोडून उभी राहिली. पूर्व दिशा, चौथरा, अभिषेकाचं पाणी वाहून जायला उतार, आणखी काय पाहिजे? नेरूळला आमचे देव फ्रिजच्या शेजारी मिक्सरचा आवाज ऐकत बसायचे. ज्यांच्याकडून घर घेतलं त्या अख्तरुन्निसाचाची किल्ल्या द्यायला थांबल्या होत्या. आईने त्यांना विचारलं, या खोलीत तुम्ही काय करायचात. त्या म्हणाल्या, "आमी लाकडं ठेवायचो, बाय." आईने मग देवघराचा बेत सांगितला, तेव्हा त्यांनी ओढणी तोंडावर धरली आणि त्यांना एकदम खोकला आला. तो खोकला नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

समितीचे तज्ज्ञ पहिल्या पाहणीला आले. नाव हौसेराव. खांद्याला शबनम, गळ्यात कॅमेरा. गंजक्या बिजागरीवरूनही ते असा हात फिरवायचे, जणू तिला ताप आलाय. देवघरात त्यांनी बूट काढले, घंटा वाजवली, आईच्या हातचा शिरा दोनदा घेतला आणि अर्धा तास बोलले. साहेबाचा कारकून एतद्देशीय असणार, त्याच्या श्रद्धेचा मान राखून साहेबाने हे देवघर बांधलं, दोन संस्कृतींचा असा संगम कोकणपट्टीत विरळा. लहान दार कशाला, तर सूर्यकिरणांसाठी. बाबा मान डोलवत होते. अहवालात आलं: 'मूळ देवघर. वापर बदलण्यास मनाई.'

म्हणजे आईने मांडलेले देव समितीने शंभर वर्षांपूर्वीचे करून टाकले, आणि आईचाच संडास अडवला.

नंतर शाळेची सहल माथेरानला गेली. तिथे एका जुन्या बंगल्यात रखवालदाराने सगळ्या खोल्या दाखवल्या. शेवटी एक लहान खोली. चौथरा, मागे कमरेएवढं दार, जमिनीला उतार. मी बाईंना म्हटलं, अय्या, आमच्यासारखं देवघर. रखवालदार इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. चौथऱ्यावर साहेबाची बसायची, भोकाची लाकडी पेटी असायची, पेटीखाली मैल्याची टोपली. टोपली उचलायला येणाऱ्या माणसाने घरातून यायचं नाही, साहेबाला त्याचं तोंड दिसायला नको, म्हणून त्याच्यासाठी मागून दार, वाकून शिरण्याएवढं. पोरी किंचाळल्या, नाकं धरली. मला आधी हसू आलं, मग नाही आलं. ज्या माणसाला घरात घ्यायचं नव्हतं त्याचं दार ते, आणि आम्ही रोज त्याच्यासमोर निरांजन ओवाळत होतो.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा त्या दाराची कडी पाहिली. बाहेरून होती.

मी बाबांना सांगितलं. ते घाबरले, म्हणाले हे आईला कळता कामा नये. मी त्यांना त्यांच्याच नियमावलीतलं वाचून दाखवलं: वास्तूचा मूळ वापर पुन्हा सुरू करण्यास हरकत नसावी. बाबा नियम आणि आई यांच्यात सापडले आणि पेपर उघडून बसले. असे आमचे बाबा.

हौसेराव दुसऱ्यांदा आले ते बाबांनी त्या मनाईविरुद्ध आधीच केलेलं अपील निकालात काढायला. पुन्हा बूट काढले, पुन्हा घंटा, पुन्हा शिरा. आई खुर्चीत बसली होती, गुडघा सुजलेला, आणि बाबा पेपरामागे. ते तिला समजावू लागले की वहिनी, त्रास मी समजू शकतो, पण वारसा हा आपल्या सोयीहून मोठा असतो. आईने मान खाली घातली. तिच्याजवळचा तांब्या भरलेला होता.

मी म्हणाले, "सर, देवाला बाहेरून कडी कशाला लावतात?"

त्यांनी माझ्याकडे बघून लहान मुलांसाठी राखून ठेवलेलं हसू काढलं. मग मी सगळं सांगितलं. पेटी, टोपली, वाकून येणारा माणूस. शिऱ्याचा घास गिळायचा की नाही, हे त्यांना ठरवता येईना. ते म्हणाले, याला पुरावा लागतो. मी म्हटलं, "मग देवघराला कुठला होता?"

बाबांनी पेपर आणखी वर धरला.

आता सगळे आईकडे बघत होते. मला वाटलं रडेल, नाहीतर मला एक ठेवून देईल. सहा महिने तिने तिथे फुलं वाहिली होती. ती चौथऱ्याकडे बघत राहिली, मग दाराकडे, मग हौसेरावांच्या मोज्यांकडे. मग अगदी भाजी निवडताना बोलते त्या आवाजात म्हणाली, "ऋता, देव उचल. फ्रिजजवळ ठेव." आणि त्यांना म्हणाली, "तुम्ही लिहा आता, भाऊजी. मी बसलेय."

त्यांनी लिहिलं. तिथेच, गुडघ्यावर पॅड ठेवून. पहिला अहवाल चुकला असं लिहायला मात्र त्यांचा हात धजला नाही. 'सखोल संशोधनाअंती मूळ प्रसाधनगृह असल्याचे निष्पन्न' असं लिहिलं. सखोल संशोधन म्हणजे मी. कमोडला परवानगी मिळाली, एका अटीवर: लहान दार जसंच्या तसं ठेवायचं.

दार ठेवलंय. कडी मी आतून लावून घेतली, परवानगी न विचारता.

आईचं ऑपरेशन झालं. ती आता दुपारीसुद्धा दोन-दोन तांबे पाणी पिते. बाबा मात्र अजून त्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढतात, आणि एकदा तर मी त्यांना हात जोडताना पकडलं.