ताऱ्यावरच्या वीराचं गाव

कल्याणच्या मराठी शाळेतले प्रभाकर मास्तर दर शनिवारी संध्याकाळी ओटीवर गोष्ट सांगत. गोष्ट एकाच वीराची. तो डोंगर उचली, बुडती होडी एका हाताने ओढून काढी. होता मात्र दूरच्या ताऱ्यावरचा. तारा नष्ट झाला आणि हा एकटा वाचून पृथ्वीवर आला. फक्त तारा कसा नष्ट झाला, हे मास्तर दोनदा सारखं सांगत नसत. कधी आग लागे, कधी समुद्र चढे, कधी गर्विष्ठ राजापायी तो दुभंगे. लोकांना वाटे, काय बुद्धी आहे माणसाची!

शेजारी दळणकांडण करणारी मालन दाराशी बसून ऐके. ती टिटवाळ्याकडल्या एका पाड्यावरची. वीस वर्षांपूर्वीच्या पटकीच्या साथीत तिचं घरदार गेलं. तेव्हा मास्तर त्याच पाड्यावर शिकवायला होते, म्हणून ती त्यांना फार मानी. ते मानणंच मास्तरांना डसत राही.

एका शनिवारी तिने विचारलं, "मास्तर, खरं काय झालं त्या ताऱ्याचं? दर वेळेला येगळंच सांगता."

मास्तर म्हणाले, "आग नाही, पाणी नाही. साथ आली. लोकांनी त्याला वैद्य आणायला शहरात धाडलं. तो पोचला, आणि तिथल्या एका घरात कडी घालून आठ दिवस बसला. वैद्याकडे गेलाच नाही. जिवाला भ्याला."

असा कुठे वीर असतो का, म्हणत लोक उठून गेले. मालन हलली नाही. त्या पटकीत मास्तरांना डॉक्टर आणायला धाडलं होतं ते तिच्या बापानेच, भिवाने.

"आम्ही डॉक्टराला शिव्या घातल्या," ती हळू म्हणाली. "वीस वर्सं. बा मरताना म्हनला, मास्तर बिचारा हातापाया पडत असल, डॉक्टरच येत नसल."

मास्तर तिच्या पायांशी वाकले. तिने पाय मागे घेतले.

"माज्याकडं काय मागता? पाड्यावर अजून तीन घरं हायेत. त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी मास्तर गेले. पहिल्या घरातल्या माणसाने ऐकून घेतलं आणि तो शेतावर निघून गेला. दुसऱ्या घरच्यांनी त्यांना अंगणातून हाकललं. तिसऱ्या घरात बहिरी म्हातारी होती. तिने जुने मास्तर ओळखले, हसून गूळपाणी पुढे केलं. त्यांनी सांगितलेलं तिला ऐकू गेलंच नव्हतं. तांब्या खाली ठेवून त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.