अर्धा कोयता

तुळशीला पाणी, पोथीचा अध्याय, मग वहीचं एक पान. त्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, असा नेम मी धरला आणि एकवीस दिवसांत बायडाबाईची गोष्ट पुरी केली. दरवर्षी आमच्या कोपरगावच्या रानात ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला यायची. नवरा गेला, आणि यंदा टोळी आली ती तिच्याविना. गोष्टीत तरी मला तिला परत आणायचं होतं.

गुरुवारी वाचनालयात आम्ही चौघं लिहिणारे जमतो. नियम एकच: ज्यानं वाचलं त्यानं बाकी सगळ्यांचं बोलून होईस्तोवर बोलायचं नाही. मला सोमवारचं मौन असतं, त्यामुळे हा नियम सोपाच वाटायचा.

माझ्या गोष्टीत नवऱ्यामागे बायडा आपला कोयता उचलते, मुकादम तिला टोळीत घेतो, तिचं भलं होतं.

"काकू, तुमच्या गोष्टीत मुकादमालासुद्धा देव पावतो!" कानिफनाथ म्हणाले. पुष्पावतीबाई पदराआड हसल्या.

पंकजा हसली नाही. ती पाथर्डीकडची, आईवडील तोडीला जाणारे. स्वतः इथं दवाखान्यात नर्स आहे.

"राग मानू नका काकू, पण 'आपला कोयता' कुठला? नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटी राहिली की अर्धा. अन् अर्ध्या कोयत्याला मुकादम गाडीत चढू देत न्हाई. माझ्या आईला विचारा."

नियमाप्रमाणे मी गप्प. कान मात्र तापले. इतकी वर्षं त्या बाईला बांधावर ताक दिलं, आणि ती कशात मोजली जाते हे मला ठाऊक नव्हतं.

उठताना पंकजा म्हणाली, "मी वाचलं की तुम्ही नुसतं 'छान' म्हणता. त्या छानचं मी काय करू, काकू?"

दुसऱ्या दिवशी शेवटची सहा पानं फाडली. नवं पान काही होईना. दुपार कलली. सून निकिता दोनदा डोकावून गेली.

"आई, देवानं सांगितलंय का उपाशी लिहायला?"

"देवानं नाही, पंकजानं," मी म्हणाले, आणि पुन्हा खाली मान घातली.

पुढच्या गुरुवारी वाचलं. गाडी भरते आहे. मुकादम विचारतो, "जोडीला कोन?" बायडा म्हणते, "कुनी न्हाई. अर्धा कोयता लिवा, पर नाव माझं पुरं लिवा." मुकादम वही मिटतो. गाडी निघून जाते. बायडा तिथंच उभी.

"आता पटतं," पुष्पावतीबाई म्हणाल्या. कानिफनाथांनी आज थट्टा केली नाही.

"गाडीचं खरं हाय," पंकजा म्हणाली. "पण ते नावाचं वाक्य काढा. आमच्याकडची बाई मुकादमाला असं बोलत न्हाई."

सगळ्यांचं बोलून झालं. आता मला बोलता येत होतं.

"ते राहील," मी म्हणाले. "तुझ्या सांगण्यावरून गाडी सोडली. पण तिनं एवढं बोलल्याशिवाय मी तिला रस्त्यावर उभी करणार नाही."

पंकजा म्हणाली, "बरं. ऱ्हाऊ द्या."

मी वही मिटली, पेन मात्र हातातच ठेवलं.

"आता तू वाच. आणि आज मी छान म्हणणार नाही."