वाटून घेतलेल्या गोळ्या

बेसिओ बेटावरच्या दवाखान्यात पंखा फिरत होता, वारा मात्र लागत नव्हता. म्हाताऱ्या अकेनेते नर्सने रोतियाला तपासलं आणि हातमोजे काढत ती खुर्चीत टेकली. परमा, तो गुप्तरोग, पुन्हा उलटला होता. पोरीला आठवा महिना. जन्मताना बाळाला लागण झाली तर डोळ्यांचं काय होतं, हे अकेनेतेने पाहिलेलं होतं.

तिच्या तरुणपणी या दुखण्याचं कुणाला भय नव्हतं. पेनिसिलिनची एक सुई टोचली, की खलाशी खाडीत जाळं टाकायला मोकळा. पुढे ती सुई लागू पडेना. मग गोळ्या आल्या, त्याही निकामी झाल्या. निवृत्तीनंतर परत बोलावलेल्या अकेनेतेच्या हाती आता फिजीहून येणारं एक इंजेक्शन आणि सोबतच्या गोळ्या, एवढंच उरलं होतं.

रोतियाला पडद्याआड झोपवून अकेनेतेने तिच्या नवऱ्याला आत बोलावलं. तेबुका अकेनेतेच्या सख्ख्या भावाचा मुलगा.

"मागच्या गोळ्या सगळ्या घेतल्यास?"

"घेतल्या की, आत्या."

"माझ्याकडे बघून सांग."

"निम्म्या. निम्म्यांसाठी काईतूने बुबुती केली. त्यालाही तोच त्रास."

"आणि तू दिल्यास!"

"चुलत भाऊ आहे. तू नसत्या दिल्यास?"

दिल्या असत्या. नात्यातल्याने बुबुती केली, की होडी मागो नाहीतर अंगातला सदरा, नाही म्हणायचं नसतं. तिचं शिवणयंत्र असंच गेलं होतं. तिनेच हसत उचलून दिलं होतं.

"मग आता माझी बुबुती ऐक. माझ्यासमोर सुई घे, गोळ्या गीळ. काईतूला आण. आणि जहाजावरून उतरल्यावर जिच्याकडे गेलास, तिचं नाव सांग."

"भारी लबाड आहेस, आत्या!" त्याने सुई घेतली, गोळ्या गिळल्या, जीभ बाहेर काढून दाखवली. मग पडद्याकडे पाहत आवाज खाली आणला. "काईतूला आणतो. पण आता माझी बुबुती. नाव विचारू नकोस."

अकेनेतेने औषधांच्या कपाटाकडे पाहिलं. ती बाई औषधाशिवाय तशीच राहिली, तर आजार फिरून रोतियाकडे येणार, आणि एक दिवस हे इंजेक्शनही हरणार. त्यानंतर कपाटात काही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. इतकं हळू, की तिलाच खात्री वाटेना.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. नाव सांग."

"बाबांना कळलं ना, भावाच्या पोराला तू नाही म्हणालीस..."

"कळू दे. उद्यापासून मला मासे पाठवू नका म्हणावं."

तेबुकाने पडद्याकडे पाठ केली. मग त्याने नाव सांगितलं. ती पोरगी अकेनेतेच्याच हातांवर जन्मली होती.

रोतियाला सुई टोचून, गोळ्या देऊन झाल्यावर तिने औषधांचा गार डबा उचलला, छत्री घेतली आणि दुखरे गुडघे सावरत ती उन्हात त्या पोरीच्या घराकडे निघाली.  तेबुका डबा धरायला पुढे आला नाही.